हॉल म्हणजे घर नव्हे
(युवक शिबिरातले भाषण)



मी गोदीत माल उचलणारा माणूस. मॅट्रिकच्या पुढं गेलो नाही. कविता लिहितो म्हणून तुम्ही माइकपुढं उभं केलंत. पण आज कविता नाही. दोन पोरांबद्दल बोलायचंय.

माझा काका गावात मारला गेला. विहिरीच्या पाण्यावरून. काकी आधीच वारलेली. मागं आठ वर्षांचा पोरगा, पाच वर्षांची पोरगी. आमची खोली दहा बाय दहाची, माणसं सहा. साहेबानं कागद पुढं केला, माझ्या बापानं सही केली. पोरगा मुलांच्या संस्थेत, पोरगी मुलींच्या, दुसऱ्या जिल्ह्यात. बापाला पडताना दोघांनी एकत्र पाहिलं होतं. त्यांना फायलीनं तोडलं.

पोरगा चाळीस जणांच्या हॉलमध्ये झोपायचा. अंथरूण ओलं झालं की सकाळी मार. सांभाळणारी बाई पाळीवर बदलायची. गोदीत पाळी बदलते ते ठीक, गोणीला त्याचं सोयरसुतक नसतं. पोर म्हणजे गोणी आहे काय?

हे इतरांनी कधीच ओळखलंय. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, 1941 साली, अ‍ॅना फ्रॉइडनं हॅम्पस्टेडला लहान मुलांसाठी निवास काढला. तिथंही आधी सगळ्या बाया सगळ्या पोरांच्या. मग मूठभर पोरांमागं एक बाई, असे छोटे संसार मांडले. पोरं बाईला चिकटली, तिच्यासाठी भांडली, आणि भराभर वाढू लागली.

1945 साली नाझींच्या थेरेझिनश्टाट छावणीतून सुटलेली सहा ज्यू पोरं इंग्लंडात आली. तीनेक वर्षांची, आईबाप मारलेले. मोठ्या माणसांना चावायची, खेळणी फोडायची. पण एकमेकांना सोडायची नाहीत, आधी शेजारच्याला खाऊ घालायची. त्यांना कुणी तोडलं नाही. सहाच्या सहा एका घरात वर्षभर ठेवली. हळूहळू मोठ्यांवर त्यांचा विश्वास बसू लागला.

आपल्याकडं काय? अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत खून झालेल्याच्या घराला तीन महिने भांडी, तांदूळ, गहू, डाळ आहे. पोरांसाठी आश्रमशाळा किंवा निवासी शाळा आहे. रात्री दचकून उठलेल्या पोराजवळ कोण बसणार, ते नाही. वसतिगृहाला माझा विरोध नाही. 1925 साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं, ते शिकण्यासाठी. पण जळत्या घरातून आलेलं पोर आधी झोपलं पाहिजे, मग शिकेल.

2015 च्या बालन्याय कायद्यात घरासारख्या छोट्या गटात पोरं सांभाळायची तरतूद आहे. ती कागदावरून वस्तीत आणा. सख्खी भावंडं एका छपराखाली. पोरं मोजकी. सांभाळणारी बाई कायमची, आपल्यातली, आणि तिला पुरा पगार. माया करते म्हणून फुकट राबवायचं नाही. आणि पोरानं बापाचं नाव, गाव, झालेली गोष्ट उघड बोलावी. त्याला गप्प करणारं घर आम्हाला नको.

तो पोरगा आज माझ्याच टोळीत आहे. जेवताना डब्यातली एक चपाती शर्टात ठेवतो. तिकडं संस्थेत बहिणीसाठी ठेवायचा, ती भेटेल म्हणून. आता बहीण कुठं आहे, आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही.

सही आमच्या घरातली होती. म्हणून हे मी बोलायचं.

जयभीम.