पुणं सोडायचं का?

(युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. त्यावरचे व्हिडिओ तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले असतील, म्हणून परवानगी घेऊन मी विषय बदलला. गेले दोन महिने आमच्या घरात रोज रात्री ज्यावर चर्चा आणि अधूनमधून भांडण चाललं होतं, त्याबद्दल बोलतो. मला हैदराबादच्या एका कंपनीची ऑफर आली होती. पगार आत्तापेक्षा तीस टक्के जास्त, पद वरचं, काम आवडीचं. प्रश्न एवढाच होता की पुणं सोडायचं का. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आज ना उद्या हा प्रश्न पडणार आहे. शहरांची नावं तेवढी वेगळी असतील.

इंजिनीअर माणसाला काही ठरवायचं असलं की तो एक्सेल शीट उघडतो. मीही उघडली. डावीकडे मुद्दे, शेजारी पुणे, त्याच्या शेजारी हैदराबाद, प्रत्येकाला दहापैकी गुण आणि खाली बेरीज. पहिल्या बेरजेत हैदराबाद बरंच पुढे होतं.

सगळ्यात मोठा फरक पडला घराच्या मुद्द्यावर. मी सोलापूरचा. पदवी घेऊन पुण्यात आलो, आणि लग्न झाल्यावर हिंजवडीच्या आसपास घर शोधायला लागलो. फोनवर सगळं ठरायचं. भाडं, डिपॉझिट, पार्किंग. मग ॲग्रीमेंटसाठी नाव सांगितलं की दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन यायचा. 'सर, ओनरचा विचार बदलला.' 'सर, त्यांचा भाचा राहायला येतोय.' पुण्यात एकाच महिन्यात इतके भाचे कुठून येतात, असा मला प्रश्न पडायचा. एक एजंट मात्र सरळ म्हणाला, 'साहेब, वेळ नका घालवू, कोंढव्यात बघा.' सगळ्यांत प्रामाणिक तोच निघाला. कोंढव्यात तीन दिवसांत घर मिळालं. तेव्हापासून मी शहराच्या एका टोकाला राहतो आणि दुसऱ्या टोकाला काम करतो. जाऊन-येऊन पन्नासच्या वर किलोमीटर होतात, आणि पावसाळ्यात एका वेळेला दोन तास लागतात. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोनेही माझा प्रश्न सुटत नाही, कारण ती कोंढव्यातून जात नाही. घरमालकाच्या त्या 'नाही'ची किंमत रोजचे तीन तास गुणिले दहा वर्षं अशी निघते. एकदा हा हिशोब मांडला आणि फाईल बंद करून टाकली.

मुलाखतीसाठी हैदराबादला दोन दिवस गेलो, तेव्हा टोलीचौकीत घरं पाहिली. तिथून हायटेक सिटी दहा-बारा किलोमीटर. एजंटला पूर्ण नाव सांगितलं, तर त्याचा पुढचा प्रश्न 'बजट कितना?' एवढाच. कोंढव्यातल्या दोन खोल्यांच्या भाड्यात तिथे तीन खोल्या मिळत होत्या. शिवाय भाषा. आम्ही सोलापुरात घरी दखनी बोलतो. ऑफिसातले उत्तरेकडचे सहकारी माझ्या 'नक्को'ला हसतात. तिथे चहावाला, रिक्षावाला, इमारतीचा वॉचमन सगळे 'नक्को' आणि 'हौ' म्हणत होते. (हा 'नक्को' दखनीत गेला तो आपल्या मराठी 'नको'तूनच, हे त्यांना सांगून पाहिलं. कुणाला फारसं पटलं नाही.) तुमच्याशी खोटं बोलत नाही, त्या दोन दिवसांत मला फार हलकं वाटत होतं. कुठेही नाव सांगताना आवाज खाली आणावा लागला नाही.

घर दाखवून झाल्यावर एजंट म्हणाला, 'बेफिकर रहो भाई, पूरी बिल्डिंग में अपनेच लोगाँ हैं.' ऐकून बरं वाटलं. जिना उतरताना मात्र आठवलं की वाकडकडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीने मला हेच ऐकवलं होतं. 'आमच्याकडे सगळी आपलीच माणसं आहेत हो, म्हणून जरा...' मी एजंटला विचारलं, माझा लातूरचा एक हिंदू मित्र आहे, त्याला इथे फ्लॅट मिळेल का? तो हसला. 'वो लोगाँ इधर कायकू आतें?' आपण इथे घरं नाकारण्याविरुद्ध निवेदनं देतो, सह्या गोळा करतो. मीही सह्या केल्यात. तरी शीटमधल्या त्या ओळीतले हैदराबादचे नऊ गुण मी कमी केले नाहीत. दहा वर्षं रोज तीन तास गाडीत बसलेल्या माणसाकडून तेवढी अपेक्षा करू नका.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. इथे थोडं थांबतो.

2 जून 2014 हा तेलंगण राज्याच्या स्थापनेचा दिवस. हैदराबादेत त्या दिवशी दिवाळी होती. त्याच रात्री पुण्यात, हडपसरला, नमाज पढून परतणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारून टाकलं. तो सोलापूरचाच होता, आयटीतच काम करत होता. नाव तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी 2023 मध्ये त्या खटल्यातले सगळे आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. 2014च्या त्या आठवड्यात माझी अम्मी सोलापुराहून रोज फोन करायची आणि एकच विचारायची, दाढी काढलीस का? चौथ्या दिवशी काढली. ऑफिसात सांगितलं, उन्हाळा फार आहे.

म्हणून त्या ओळीत मी पुण्याला चार आणि हैदराबादला आठ गुण दिले. बायकोने विचारलं, आठ कशावरून? मी म्हटलं, तिथे आपली संख्या मोठी आहे. ती म्हणाली, मक्का मशीद. 2007 साली तिथे स्फोट झाला, आणि त्यानंतर जी मुस्लिम मुलं पकडली ती त्याच शहरातली होती. पुढे ती निर्दोष सुटली, पण तुरुंगात गेलेले दिवस कुणी परत दिले नाहीत. संख्या मोठी होतीच की तेव्हाही. मी आठाचे सहा केले. उरलेला दोन गुणांचा फरक हैदराबादचा आहे की माझ्या मनातल्या भीतीचा, ते मला अजून सांगता येत नाही.

कागदपत्रांचं भराभर सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. आम्ही बागवान, महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत. इथलं जातीचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्याच्या आरक्षणात चालत नाही. तुमच्यापैकी कुणी अत्तार, तांबोळी, पिंजारी, मुलाणी असाल तर हे ध्यानात ठेवा. एकट्याने नोकरीसाठी गेलात तर फारसं अडत नाही. पण मुलांची दहावी-बारावी तिकडे झाली की इथल्या प्रवेशांवरचा त्यांचा हक्क अवघड होत जातो. गाडी बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिची नोंदणी बदलावी लागते. आणि मतदार यादीतलं नाव हलवायला फॉर्म 8 भरावा लागतो. हा शेवटचा फॉर्म आपली मुलं हटकून विसरतात, आणि मग दोन्हीकडे मत नाही.

आता भाषा. आमची मुलगी पहिलीत आहे. तेलंगणात 2018च्या कायद्याने शाळेत तेलुगू सक्तीची आहे, जशी आपल्याकडे 2020च्या कायद्याने मराठी. म्हणजे ती शाळेत तेलुगू शिकणार, घरी-दारी दखनी बोलणार आणि मराठीला जागाच उरणार नाही. मी म्हटलं, बिघडलं काय? सोलापुरात आमच्या मागच्या गल्लीत पद्मशाली लोक आहेत. त्यांचे पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले, चार पिढ्या झाल्या, घरात अजून तेलुगू आहे. बायको म्हणाली, ते गल्लीच्या गल्ली आले. त्यांनी शाळा काढल्या, देवळं बांधली. आपण एक फ्लॅट जाणार आहोत. हैदराबादेतही मराठी माणसांच्या जुन्या संस्था आहेत, विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था त्यांनीच उभी केली. पण टोलीचौकीतून रोज तिथे कोण जाणार, हेही खरं.

अब्बांना वाटलं होतं की त्यांना काही फरक पडणार नाही. सोलापूर दोन्ही शहरांच्या मधलं, इकडून अडीचशे किलोमीटर, तिकडून तीनशे. पण भाषेचं ऐकल्यावर ते फोनवर गप्प झाले. मग म्हणाले, 'चाळीस साल मंडईत उधारी मैं मराठीतच वसूल केली, बेटा.' पुण्यात मला लोक सांगतात, 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' हैदराबादेत विचारतात, 'मराठी कायकू?' दोन्ही वेळी मी नुसता हसतो. पण पहिल्याशी मी भांडू शकतो. दुसऱ्याशी भांडायला माझ्याकडे शब्द नव्हते.

आणि शेवटी ती ओळ, जी मी शीटमध्ये घातलीच नव्हती.

माझी बायको कॅम्पातल्या एका अनुदानित शाळेत मराठी शिकवते. आठवी ते दहावी. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढली, मग कायम झाली. तिच्या वर्गातली मुलं सगळ्या जातिधर्मांची आहेत. पहिल्या दिवशी एका पालकाने मुख्याध्यापकांना विचारलं होतं, मराठीला ह्या बाई कशा? आता तेच पालक धाकट्या मुलालाही ह्याच बाई मिळाव्यात म्हणून चकरा मारतात. हे सगळं मला माहीत होतं. तरी माझ्या शीटमध्ये 'कुटुंबाचं उत्पन्न' अशी एक ओळ होती, त्यात मी तिचा पगार वजा केला होता, आणि वजा करूनही हैदराबाद फायद्यात होतं. तिने शीट वरपासून खालपर्यंत वाचली. म्हणाली, 'पगार वजा केलास, ते बरोबर आहे. नोकरी कुठे लिहिलीस?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हैदराबादेत मराठीच्या शिक्षिकेला कोण विचारणार? आणि इथली जागा एकदा सोडली की परत मिळणं जवळपास अशक्य. मी एकट्याने जावं आणि शुक्रवारच्या गाडीने यावं, असंही दोन दिवस बोलून झालं. तिसऱ्या दिवशी मुलीनेच विचारलं, अब्बू फक्त सुट्टीचे होणार का? तो मुद्दा तिथेच संपला.

मी ऑफर नाकारली. यात त्यागबिग काही शोधू नका. काल एका मित्राने 'भाई, तू डटा रहा' असा मेसेज पाठवला. मी डटलो नाही, माझ्या बायकोची नोकरी इथे आहे. मी पंचविशीत आणि एकटा असतो तर आत्तापर्यंत चारमिनारजवळ उस्मानिया बिस्किटं खात बसलो असतो, आणि तुमच्यातल्या जे तसे आहेत त्यांनी संधी आली तर खुशाल जावं. फक्त शीट एकट्याने भरू नका.

नव्या पगाराचं पत्र दाखवून मी माझ्या मॅनेजरकडून आठवड्यातले दोन दिवस घरून काम करण्याची परवानगी मात्र मिळवली. आणि कोंढवा सोडायचं ठरवलंय. कॅम्प आणि हिंजवडी दोन्हीकडे जाता येईल असं घर शोधतोय. खडकी, बोपोडी, दापोडी, कुठेही. आत्तापर्यंत सात घरं पाहिली. या वेळी मी पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगतो, म्हणजे भाच्यांना उगाच त्रास नको. चार ठिकाणी तिथेच संपलं, दोन ठिकाणी भाडं जमलं नाही. एका आजींनी शनिवारी या म्हणून सांगितलंय. दोन बेडरूम, पंचवीस हजारांपर्यंत. तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा.