वृद्धाश्रमातली पंगत

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिवांनी फोनवर सांगितलं, "ताई, आहारावर दहा मिनिटं बोला, आणि जमलं तर हलकंफुलकं बोला." हलकंफुलकं जमेल असं वाटत नाही. तुम्हाला माहीत आहेच, मी हॉस्पिटलच्या आहार विभागातून निवृत्त झाले आणि त्यानंतर शहराजवळच्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आठवड्यातून तीन दिवस जाते. परवा आपल्या नोटीस बोर्डावर वाचलं, की महोत्सवानिमित्त सोसायटीतर्फे वृद्धाश्रमात गोड जेवण द्यायचं आहे. त्याबद्दलच बोलते. कुणाला कडू लागलं तर घरचीच बाई म्हणून चालवून घ्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना. एक कुटुंब वडिलांच्या पुण्यतिथीचं जेवण घेऊन आलं. अगदी मनापासून केलेलं होतं सगळं. बासुंदी, पुरी, मसालेभात, भजी. स्वयंपाक सकाळी आठला झालेला, आणि डबे आमच्याकडे पोचले दीड वाजता. आश्रमात जेवण रोज सव्वाबाराला असतं, त्या हिशोबानं इन्सुलिन दिलेलं. पाहुणे निघालेच आहेत म्हणून आम्ही थांबलो, ही आमची चूक. मग फोटो झाले, दोन शब्द झाले. तेवढ्यात एक आजी घामानं भिजल्या, हात थरथरायला लागले. साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. रात्री नऊ जणांना जुलाब. दोघांना सलाईन लावावं लागलं. त्यातले एक आजोबा, वय ८२, पुन्हा काठी घेऊन अंगणापर्यंत यायला महिना लागला. तरुण माणूस दोन दिवसांत उठून कामाला जातो. या वयात तेच जुलाब अंथरुणाला खिळवतात.

नेमकं कशानं झालं? बासुंदीनं की भातानं? आजही सांगता येत नाही, कारण कुठल्याच पदार्थाचा नमुना कुणी काढून ठेवला नव्हता. आता आम्ही प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, वर तारीख घालून फ्रीजमध्ये ठेवतो.

बरेच जण विचारतात, आश्रम म्हणजे सेवेचं काम, तिथं कसला कायदा? आहे की. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. त्यात अन्न व्यवसायाची व्याख्या करतानाच म्हटलंय, नफ्यासाठी असो वा नसो. म्हणजे धर्मादाय स्वयंपाकघरही त्यात आलं. नोंदणी हवी, तो चौदा आकडी नंबर दिसेल असा लावायला हवा. स्वयंपाक करणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी हवी. पाणी पिण्यायोग्य हवं. आपल्या सोलापुरात पाणी साठवून वापरायची सवय, तेव्हा टाकी, पिंप, हंडा यांच्या स्वच्छतेवरच निम्मं अन्न उभं असतं. आमच्या आश्रमात टाकी धुतल्याची तारीख भिंतीवर खडूनं लिहितात. रजिस्टरपेक्षा ते बरं, येता-जाता दिसतं.

आणि तापमान. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, थंड ५ च्या खाली. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावरच ४० अंश असतात, म्हणजे पातेलं नुसतं झाकून ठेवलं तरी ते जंतूंचं माहेरघर! भाताचं तर वेगळंच आहे. शिजवल्यावरही काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात, भात तसाच बाहेर राहिला की त्यात विष तयार होतं, आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. "उकळून घेतलं की झालं" हे आपण आईपासून ऐकत आलोय, पण इथं ते चालत नाही. लग्नातलं उरलेलं जेवण आश्रमात पाठवायची आपल्याकडे फार हौस. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत. ते पाळायला माणसं आणि गाडी असेल तरच त्या भानगडीत पडावं.

हे झालं शुद्धतेचं. पण ताटातलं शुद्ध अन्न आजींच्या पोटात गेलं का, हे कुठला इन्स्पेक्टर तपासणार? ते वजनकाटा सांगतो. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांचं वजन करतो. पन्नास किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत अडीच किलो आपोआप उतरलं तर डॉक्टरांना फोन. एका आजोबांचं उतरत होतं. ताट तर रोज रिकामं. शेवटी कळलं, कवळी सैल झाली होती, आणि भाकरी ते खिशात घालून कुत्र्याला टाकत होते. सांगायची लाज वाटत होती.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा आपला अभिमान, मान्य. पण दात नसलेल्याला, आणि अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास होणाऱ्याला ती घशात अडकते. मग ताजी मऊ भाकरी पिठल्यात कुस्करून द्यायची. ज्वारी तीच, मालदांडीच. पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ४० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि आश्रमातल्या पातळ वरणाच्या वाटीत ती तीन-चारच असतात. दूध, दही, मुगाची मऊ खिचडी, आमटीत शेंगदाण्याचा कूट, असं जमवावं लागतं. मात्र दाणे निवडून घ्या. काळपट, बुरशी आलेले, कडवट दाणे टाकून द्या. बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही. मिठावरही लक्ष हवं, दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, त्यात पापड-लोणचंही आलं.

तर कमिटीला माझी विनंती. इथून शिजवलेलं काही नेऊ नका. त्याच पैशात महिन्याची तूरडाळ, मूग, ज्वारी द्या, दुधाचं बिल भरा. गोड हवंच असेल तर तिथल्याच मावशींना करू द्या, त्यांच्या वेळेला, आणि मधुमेह असलेल्यांना किती द्यायचं ते त्यांच्या यादीप्रमाणे. आपण दहा-पंधरा जणांनी जावं, सव्वाबाराला त्यांच्या पंगतीत बसावं, फोटो नंतर काढावेत.

ही सोसायटी झाली तेव्हा आपण सगळे चाळिशीत होतो. आता बी विंगमध्ये सात घरांत दोघंच राहतात, मुलं पुण्याला, बंगळुरूला. मी तर माझा नंबर धरूनच चाललेय.

ज्या आश्रमाचं नाव ठरलंय तिथं मी काल फोन केला होता, काय हवंय म्हणून. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "ताई, जेवण नको ओ, फ्रीजचं दार लागंना झालंय, दोरी बांधलीय. तेवढं बघा की." खजिनदारसाहेब, मेकॅनिकचा नंबर माझ्याकडे आहे.