दालनाचा उंबरठा



कामगार संघटनेच्या माणसाने चित्रांवर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे, बाकीचे आगगाडीत आणि सभांच्या मांडवांत झालेले. तेव्हा रंगरेषांचे शास्त्र आम्ही सांगणार नाही. दाराविषयी मात्र बोलू.

मुंबईत काळा घोडा येथे जहांगीर कलादालन आहे. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला, सर कावसजी जहांगीर यांनी पैसा दिला आणि १९५२ साली ते उघडले. पाऊस ओसरला की मुंबईच्या दालनांचा नवा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे सोयाबीन काढणीला येते, साधारण तोच सुमार.

जहांगीरला तिकीट नाही. तरी आझाद मैदानावरच्या मोर्च्यांना वर्षानुवर्षे जाणारे आम्ही आत कधी शिरलो नव्हतो. एकदा सभा लवकर आटोपली, गाडीला अवकाश होता, म्हणून तिकडे वळलो. कोणी अडवले नाही. अडवले ते आमच्याच धुळकट चपलांनी. शेवटी धीर केला. हंगामातल्या एका नव्या प्रदर्शनाची तयारी चालली होती. चित्रे टांगणाऱ्या एका मजुराला आम्ही विचारले, ‘‘दादा, यातलं कोणतं आवडलं?’’ त्याने क्षणभरही विचार केला नाही. ‘‘ते कोपऱ्यातलं. त्या बाईनं डोक्यावरचं ओझं बरोबर धरलंय.’’ ओझे वाहिलेल्या माणसाचे हे मत! उद्घाटनाच्या वेळी ते विचारायला कोण येणार?

सुधीर पटवर्धन यांना हा प्रश्न पडला होता. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता त्यांनी लोकलमधली, रस्त्यावरची, कष्टाची माणसे रंगवली. ‘लोअर परळ’ हे त्यांचे २००१ सालचे चित्र. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते नाव पुरे. पण आपण रंगवलेला माणूस आपले चित्र पाहतो का? २००८ साली त्यांच्या पुढाकाराने ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचे फिरते प्रदर्शन निघाले. अमरावती, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, नाशिक अशा गावी ते गेले. पैसा बोधी आर्ट या खासगी दालनाचा होता. पुढे मंदी आली, चित्रांचे भाव कोसळले आणि बोधीची दालने मिटली. भांडवलाच्या बैलावर जुंपलेली गाडी बैल बसला की थांबते, हे आम्हाला नवीन नाही.

अमरावतीपर्यंत आलेली ती चित्रे आम्हीही पाहिली नाहीत. संघटनेच्या बैठका आहेत, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. ती खोटी होती.

असो. येत्या हंगामात एखाद्या दालनाने दहा चित्रे जऊळक्याला धाडावीत, असे पत्र आपण आजच लिहू. अकोला–पूर्णा मार्गावर आपले स्थानक आहे. शाळेची खोली मागू, भिंतींना चुना देऊ. पेट्या उतरवायला माणसे आमची. मजुरी मात्र ठरल्या दराने घेऊ.