फ्रेंच भाषेचे एक व्रतस्थ सेवक : प्राध्यापक फेर्दिनां ब्र्युनो

(श्रींच्या उत्सवप्रसंगी देवस्थानच्या अग्रशाळेत भरलेल्या सभेत केलेले भाषण)



श्रींच्या उत्सवात भरणाऱ्या या सभेत आजवर व्युत्पन्न कीर्तनकारांची, पुराणिकांची आणि विद्वान प्राध्यापकांची भाषणे झाली. त्या मालिकेत जन्मभर कचेरीत कारकुनी केलेल्या माझ्यासारख्या माणसाला उभे करून समितीने मोठेच धाडस केले आहे. समितीचा मान राखावा आणि आपला वेळ फुकट जाऊ नये, एवढीच माझी धडपड राहील.

आपणांपैकी वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल की, पोर्तुगीज अमदानीत लिसेवमध्ये शिकणाऱ्या आम्हां मुलांना पोर्तुगीजच्या जोडीला फ्रेंचही शिकावी लागे. घरी दिवेलागणीला परवचा म्हणावा, त्याच सुरात आम्ही फ्रेंच क्रियापदांची रूपे घोकत असू. घरात बोलायची भाषा एक, देवळात कीर्तन-पुराणात ऐकायची दुसरी, परीक्षेची तिसरी आणि ही घोकायची चौथी. फ्रेंच म्हणजे अपवादांनी भरलेले एक पुस्तक, अशीच माझी तेव्हा समजूत होती. ती भाषा पुस्तकात नसून माणसांच्या तोंडात असते, हे सिद्ध करण्यासाठी पॅरिसमधील एका प्राध्यापकाने सारी हयात वेचली होती, हे मला निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली तेव्हा कळले. त्या प्राध्यापक फेर्दिनां ब्र्युनो यांचे चरित्र मी आज सांगणार आहे. त्यांचा आपल्या देवस्थानाशी संबंध काय, असे आपण विचाराल. तो मी शेवटी सांगेन.

ब्र्युनो यांचा जन्म १८६० साली पूर्व फ्रान्समधील व्होज या डोंगराळ मुलुखात, सँ-दिए या गावी झाला. ते दहा वर्षांचे असताना फ्रान्स-प्रशिया युद्ध झाले. त्यात फ्रान्सचा पराभव होऊन शेजारचा आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला आणि नवी सरहद्द त्यांच्या गावाच्या जवळ येऊन ठेपली. सरहद्दीवरच्या माणसाला भाषा म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या बेळगावकडील सोयऱ्यांना आणि आपणां गोवेकरांनाही याचा अनुभव आहे.

पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत शिक्षण पुरे करून ते १८८३ साली लियों येथे अध्यापक झाले. १८९१ साली माल्हेर्ब या जुन्या कवीच्या भाषाविषयक मतांवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि त्याच वर्षी ते सॉर्बोन विद्यापीठात रुजू झाले. पुढे १९०० साली तेथे फ्रेंच भाषेच्या इतिहासाचे अध्यासन त्यांच्याकडे आले. ते त्यांनी १९३४ पर्यंत सांभाळले. मध्यंतरी १९१९ ते १९२८ या काळात ते तेथील साहित्य विद्याशाखेचे अधिष्ठाताही होते.

त्यांचे मुख्य कार्य म्हणजे ‘फ्रेंच भाषेचा इतिहास’ हा बहुखंडी ग्रंथ. त्याचा पहिला खंड १९०५ साली निघाला आणि १९३८ साली मृत्यूने गाठेपर्यंत हे काम चालूच होते. भाषेचा इतिहास म्हणजे कवींचा आणि ग्रंथकारांचा इतिहास, असे तोवर मानले जाई. ब्र्युनो यांनी शेतकऱ्याचे, व्यापाऱ्याचे, कारागिराचे शब्दही दप्तरी घेतले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत कोणते शब्द जन्मले, कोणते मेले आणि कोणत्यांचा अर्थ पालटला, याची त्यांनी शब्दवार नोंद केली. ज्याने आयुष्यभर आवक-जावक वही लिहिली आहे, त्यालाच या कामातील चिकाटीची खरी किंमत कळेल. एक नोंद राहिली तर पुढचा सारा हिशेब चुकतो.

याच सुमारास त्यांनी एक लढा दिला आणि ते त्यात हरले. फ्रेंच लेखनात उच्चारात नसलेली अक्षरे फार. ‘काळ’ या अर्थाचा शब्द उच्चारावा नुसता ‘तां’, पण लिहावी मात्र पाच अक्षरे. ही ओझी उतरवावीत म्हणून ब्र्युनो यांनी १९०५ साली शिक्षणमंत्र्यांना अनावृत पत्र लिहिले. गरिबाच्या मुलाची शाळेतील वर्षे अक्षरांच्या अपवादांत का खर्ची पडावीत, ही त्यांची तळमळ होती. परंतु फ्रेंच अकादमी आणि इतर विरोधक यांच्यापुढे त्यांचे काही चालले नाही. आपल्याकडे १९६२ साली नवे लेखननियम होऊन उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, तेव्हा आपल्या वडील मंडळींनी किती हळहळ केली होती ते आठवा, म्हणजे त्या विरोधाची कल्पना येईल.

पण मला स्वतःला या थोर पुरुषाचे जे कार्य सर्वांत मोठे वाटते, ते ग्रंथांपलीकडचे आहे. ३ जून १९११ रोजी त्यांनी सॉर्बोनमध्ये ‘आर्शीव्ह द ला पारोल’, म्हणजे ‘वाणीचे दप्तरखाने’, या संस्थेचे उद्घाटन केले. व्हिएन्ना येथे असा संग्रह १८९९ सालीच सुरू झाला होता. फ्रान्समध्ये पाते या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या व्यापारी पेढीने यंत्रसामग्री दिली आणि काम सुरू झाले. त्या काळी विजेचा ध्वनिक्षेपक नव्हता. भल्यामोठ्या भोंग्यात तोंड घालून मोठ्याने बोलावे आणि आवाजाच्या कंपनांनी मेणावर चर कोरली जावी, अशी ती पद्धत होती. १९१२ साली आल्फ्रेद द्रेफ्युस यांचा आवाज तेथे घेतला गेला. हेच ते सैन्याधिकारी, ज्यांच्यावरील खोट्या आरोपाने सारा फ्रान्स दुभंगला होता. १९१३ च्या डिसेंबरात कवी आपोलिनेर यांनी तेथे आपल्या कविता म्हटल्या. पाच वर्षांनी, १९१८ साली, ते वारले. त्यांचा आवाज मात्र आजही ऐकता येतो.

एवढ्यावर ते थांबले असते, तर तो थोरामोठ्यांचाच संग्रह झाला असता. पण १९१२ च्या उन्हाळ्यात ब्र्युनो यंत्रे घेऊन आर्देन या उत्तरेकडील भागात गेले. त्यांच्याबरोबर त्या भागातील त्यांचे शिष्य शार्ल ब्र्युनो होते. येथे एक गंमत सांगतो. या गुरुशिष्यांची आडनावे फ्रेंच लिपीत निरनिराळी लिहितात, पण उच्चार अगदी एक. लेखनाविषयी गुरुजींची जी तक्रार होती, तिला याहून चांगला पुरावा कोणता? या दोघांनी खेड्यांतील साध्या स्त्री-पुरुषांना भोंग्यासमोर बसविले आणि त्यांच्या गोष्टी, गाणी व नित्याचे बोलणे मुद्रित केले. शिवाय बोलणारा कोण, वय काय, जन्म कोठला, आईबाप कोठले, याची टिपणे लिहून ठेवली. पुढच्या वर्षी बेरी आणि लिमूझँ या भागांतही त्यांनी अशाच फेऱ्या केल्या.

शाळेत ज्या बोलीचा शब्द उच्चारला तर मुलाला शिक्षा होई, ती गावंढळ समजली गेलेली बोली सॉर्बोनचा प्राध्यापक मान खाली घालून ऐकत होता. आणि वेळ किती थोडा उरला होता पाहा. १९१४ साली महायुद्ध पेटले, आर्देन जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले आणि घरेदारे सोडून लोक परागंदा झाले. ते काम दोन वर्षे पुढे ढकलले असते, तर ते तसे कधीच झाले नसते.

युद्धाच्या त्या वर्षांत ब्र्युनो पुस्तकांत तोंड खुपसून बसले नाहीत. १९१० पासून १९१९ पर्यंत ते पॅरिसच्या चौदाव्या विभागाचे नगराध्यक्ष होते. रणांगणावर गेलेल्यांची कुटुंबे आणि निर्वासित यांच्या मदतीचा भार त्यांनी वाहिला. त्या विभागाच्या नगरकचेरीसमोरील चौकाला आज त्यांचेच नाव आहे.

आता एकच प्रसंग सांगून चरित्र संपवितो. फ्रेंच अकादमी १६३५ साली स्थापन झाली, तेव्हा शब्दकोशाबरोबर व्याकरणही रचण्याचे तिने अंगीकारले होते. ते व्याकरण प्रसिद्ध झाले १९३२ साली, म्हणजे २९७ वर्षांनी! आपल्या देवस्थानचे बांधकाम रेंगाळते म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. सत्तरी ओलांडलेल्या ब्र्युनो यांनी ते व्याकरण बारकाईने तपासले आणि त्यातील चुका दाखविणारे एक पुस्तकच त्याच वर्षी प्रसिद्ध केले. नियम करणाऱ्यांनी आधी लोक कसे बोलतात ते ऐकावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१९३८ साली ते निवर्तले. त्याच वर्षी फ्रान्स सरकारने राष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय स्थापिले. ब्र्युनो यांनी जमविलेल्या मुद्रिका आज तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि संगणकावर कोणालाही ऐकता येतात. माझ्या नातवाने मला त्या ऐकविल्या. उद्घाटनाच्या दिवशीचे खुद्द ब्र्युनो यांचे भाषणही त्यात आहे. खरखर फार, शब्द अर्धेच कळले. तरी ज्या भाषेचा मी केवळ परवचा केला होता, ती शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या एका घटकेतून माझ्याशी बोलत होती. मी बराच वेळ गप्प बसून राहिलो. नातवाला वाटले, आजोबांना फ्रेंच आठवत नाही. मला आठवत होती ती माझी आत्या.

महाजन मंडळी, आता मी आपल्या देवस्थानाशी असलेल्या संबंधाकडे येतो आणि तो सांगताना मला माझा एक अपराध कबूल करावा लागणार आहे. माझी आत्या बालविधवा. तिचे सारे आयुष्य आमच्या घरच्या माजघरात आणि या देवळाच्या पायरीवर गेले. तिला अक्षर येत नव्हते. पण जात्यावरच्या ओव्या, मांडावर म्हणायची धालोची गाणी, श्रींच्या पालखीसंबंधीच्या जुन्या कथा, हे सारे तिला मुखोद्गत. आमच्या घरी पहिले टेपरेकॉर्डर यंत्र आले, तेव्हा हौस म्हणून मी तिच्या ओव्या एका फितीवर घेतल्या. ती लाजली, मग रंगली आणि फितीची एक बाजू संपेपर्यंत म्हणत राहिली. पुढे काही महिन्यांनी रेडिओवर नाट्यसंगीताचा एक उत्तम कार्यक्रम लागला. घरात कोरी फीत नव्हती. मी ती ओव्यांची फीत घातली आणि वरून नाट्यपदे मुद्रित केली.

हे कोणा पोराने केले नाही, चुकून झाले नाही. मी, लिसेवमध्ये शिकलेल्या माणसाने, समजून उमजून केले. नाट्यपदे म्हणजे कला आणि आत्याच्या ओव्या म्हणजे घरातले, रोजचेच, असे मला वाटले. आत्या पुन्हा म्हणेल, असेही वाटले. ती नाट्यपदे आज कोणत्याही दुकानात मिळतात. आत्या त्यानंतरच्या पावसाळ्यात वारली.

आपल्या देवस्थानात महाजनांची नामावली आहे, जमिनीचे कागद आहेत, दागिन्यांची यादी आहे, जमाखर्चाच्या वह्या आहेत. काही वह्यांत माझेही अक्षर आहे. एका पैशाचीही चूक त्यांत निघणार नाही. पण उत्सवापूर्वी श्रींपुढे जे गाऱ्हाणे घालतात, त्याचे पूर्वीचे दीर्घ रूप कोणत्याही वहीत नाही. ते म्हणणारे वृद्ध गृहस्थ गेले आणि त्यांच्या मागून आलेले, काही दोष नसताना, आठवते तेवढेच म्हणतात. पालखीच्या वेळी म्हणायच्या आरत्यांच्या जुन्या चाली आता दोघातिघांनाच येतात. आपल्या कुळांपैकी कित्येक मुंबईला, पुण्याला, परदेशी राहतात. त्यांची मुले उत्सवाला येतात, दर्शन घेतात, पण आजीची बोली त्यांना समजत नाही.

म्हणून समितीपुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. यास निधी नको, इमारत नको. अग्रशाळेतील एक खोली आणि एक कोरी वही पुरे. आज प्रत्येकाच्या खिशात असलेल्या दूरध्वनीत ब्र्युनो यांच्या भोंग्याहून शतपट चांगले यंत्र आहे. दर उत्सवात आलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांना त्या खोलीत बसवावे आणि जे येते ते म्हणू द्यावे : गाऱ्हाणे, ओवी, आरतीची चाल, नुसती घरची हकीकतही चालेल. शुद्ध-अशुद्ध कोणी काढू नये. वहीत मात्र नाव, वय, जन्मगाव, आईवडिलांचे गाव आणि दिनांक लिहिल्याशिवाय पुढची नोंद घेऊ नये. वही ठेवण्याचे काम मी करीन, तेवढे मला येते.

त्या वहीतील पहिली नोंद माझीच असेल. आत्याच्या ओव्यांपैकी मला दोनच आठवतात आणि माझा गळा बरा नाही. त्या उद्या सकाळी महापूजेपूर्वी मी म्हणणार आहे. ज्यांना त्यांपैकी पुढची एखादी ओवी येत असेल, अशा कोणी आजी आपल्यांत असतील, तर त्यांनी कृपा करून त्या खोलीत यावे. मी वाट पाहीन.