गाठ थांबू शकते, माहिती नाही

गळ्याच्या सोनोग्राफीत थायरॉईडची बारीक गाठ दिसते, सुईची तपासणी होते आणि अहवालात पॅपिलरी कर्करोग निघतो. घरचे म्हणतात, उद्याच काढून टाका.

जपानमधल्या कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलनं १९९३ पासून आणखी एक पर्याय ठेवला. गाठ एक सेंटिमीटरपर्यंतची, श्वासनलिकेला न खेटलेली, मानेत न पसरलेली असेल, तर ऑपरेशन न करता नियमित सोनोग्राफी करत राहायचं. अशा १,२३५ रुग्णांचा अनुभव त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. दहा वर्षांत गाठ तीन मिलिमीटर वा अधिक वाढण्याचं प्रमाण ८ टक्के, मानेतल्या लसिकाग्रंथींत आजार दिसण्याचं जेमतेम ४ टक्के. या आजारानं मृत्यू एकही नाही. तरुणांत मात्र वाढ जास्त आढळली, हेही सांगायला हवं. दुसरीकडे ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला धोका असतो आणि पूर्ण ग्रंथी काढली तर जन्मभर गोळी. गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई एक निवडतील. गाठीच्या विचारानं झोप उडालेला माणूस दुसरं.

अडचण येते ती पुढे. मुलं मला बाजूला घेऊन सांगतात, ‘डॉक्टर, आईला कॅन्सर म्हणू नका, साधी गाठ म्हणा.’ माया कळते हो. पण ऑपरेशन एकदाच होतं, इथे तिला वर्षानुवर्षं यायचंय. साधी गाठ समजणारी आई तिसऱ्या वर्षी यायची नाही; घरात लग्न निघालं तर नाहीच नाही.

न सांगता वाट पाहिली की काय होतं, ते न्यूझीलंडमध्ये दिसलं. ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६६ पासून गर्भाशयमुखात कर्करोगपूर्व बदल असलेल्या अनेक स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं होतं. आपल्यावर अभ्यास चाललाय, याचा बहुतेकींना पत्ताच नव्हता. काहींना कर्करोग झाला, काही दगावल्या. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांचा चौकशी अहवाल १९८८ मध्ये आला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २००८ मध्ये स्पष्ट केलं, की आजार, पर्याय, धोके आणि उपचार नाकारल्याचे परिणाम रुग्णाला सांगूनच संमती घ्यावी. त्या खटल्यात सज्ञान मुलीच्या वतीनं आईनं दिलेली संमती ग्राह्य धरली गेली नाही.

मी मराठीत कागद लिहून देतो : आजाराचं नाव, गाठीचं माप, पुढची तारीख, किती वाढल्यावर ऑपरेशनचं बोलू, आणि मन बदललं तर केव्हाही सांगा. दर सोनोग्राफीला तो पुन्हा वाचतो. खाली सही आईची, मुलाची नव्हे.