मनाली ते लेह : सात सायकली



२०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही मंडळाचे सात सभासद सायकलींवरून मनालीहून लेहकडे निघालो. रोहतांगमार्गे हा रस्ता सुमारे ४७५ किलोमीटर. वाटेत बारालाचा, लाचुलुंग आणि ५,३०० मीटरांहून उंच अशी तांगलांग, या खिंडी. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून किंचितच अधिक. चार पावले चढली तरी धाप लागते.

बारालाचाच्या अलीकडे, झिंगझिंगबारला, एका सोबत्याचे डोके असह्य दुखू लागले. अन्न पोटात ठरेना. खिंडीपलीकडचा मुक्काम सरचू. तेथून खाली उतरावयाचे तर दोन्हीकडे उंच खिंडीच आडव्या. म्हणून त्याला मालमोटारीत बसवून, कष्टाने चढलेली चढण सोडून, आम्ही सारेच जिस्पाला परतलो. “तुम्ही पुढे व्हा, मी घरी जातो,” असे तो म्हणाला. कोणीही हलले नाही. तो पुरता बरा झाल्यावर पुन्हा निघालो, तेव्हा त्यालाच अग्रभागी ठेवले. लेहला सातही जण पोहोचलो.

चढणीवर जथ्याचा वेग सर्वांत मागच्याने ठरवावयाचा असतो. परमुलखात पन्नास वर्षे चाललेल्या आपल्या मंडळानेही तोच नियम पाळावा, एवढीच आमची विनंती.