गढूळ पाणी आणि शेवग्याची बी

पावसाळ्यात नदीचं लालसर, गढूळ पाणी घरात आलं की आपण तुरटी फिरवतो. जुनी माणसं निवळीची बी माठाच्या आत चोळायची. सुश्रुतसंहितेत तिचा उल्लेख ‘कतक’ म्हणून येतो. पाणी निवळण्याचं तेच काम शेवग्याची बीही करते.

नाईल नदीकाठच्या सुदानी बायका तिचा वापर करत होत्या. सामिया अल अझहरिया यान या जर्मन संशोधिकेने त्याचा शास्त्रीय अभ्यास केला.

या बियांतल्या प्रथिनांवर धन विद्युतभार असतो, तर मातीच्या बारीक कणांवर ऋण. त्यामुळे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. त्यांच्याबरोबर बरेचसे जिवाणूही खाली जातात.

मात्र बी चांगलीच हवी. शेंग झाडावरच वाळू द्यावी. टरफल काढल्यावर आतला गर पांढराशुभ्र दिसला पाहिजे. किडका, काळपट टाकून द्यावा. गर कुटून थोड्या पाण्यात कालवावा, फडक्यातून गाळून गढूळ पाण्यात घालावा. आधी भराभर, मग संथ ढवळून तास-दोन तास निवळू द्यावं. साधारण लिटरला एक-दोन बिया लागतात. बियांचं तेल काढल्यावर उरलेली पेंडही हे काम करते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

मात्र पाण्यात विरघळलेले क्षार, नायट्रेट किंवा फ्लोराइड याने जात नाहीत. निवळलेलं पाणी साठवून ठेवू नका आणि उकळल्याशिवाय पिऊ नका.